मागच्या खोलीतला माइक

४ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाई हिला,

एवढं लिहिलं आणि मग 'सौ.' खोडलं. मग 'सूनबाई' खोडलं. राहिलं नुसतं 'चि.' आणि 'हिला', आणि तेवढ्यावर काही पत्र उभं राहीना. शेवटी ह्यांना विचारलं. म्हणाले, "मी तिला रेडिओ म्हणायचो. ते नाव काही कोर्टाने रद्द केलेलं नाही." म्हणून,

चि. रेडिओ,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट तसंच फाडशील, या भीतीने मुद्द्याचं आधी लिहिते. मला माइक घ्यायचा आहे. हसू नकोस.

ह्यांचे डोळे गेले. अगदी अंधार नाही. डॉक्टर म्हणाले, मधली नजर गेली, कडेची राहिली. घड्याळाची चौकट दिसते, काटे दिसत नाहीत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला देवाने याहून मोठा चिमटा काढला नसता. मागच्या वर्षी दुकान बंद केलं. दुकानातली अकरा घड्याळं घरी आणून भिंतींवर टांगली आहेत, आणि अकराच्या अकरा चालू आहेत.

घड्याळांचं दुःख ह्यांनी गिळलं. पुस्तकांचं गिळवेना. तुला माहीत आहे, हे जेवताना वाचायचे, गिऱ्हाइकाशी बोलताना वाचायचे, तुमच्या लग्नातसुद्धा खुर्चीखाली पुस्तक होतं. आता संध्याकाळी शिलाईचं दुकान आवरलं की मी तासभर वाचून दाखवते. तासाभराने ह्यांचं काय होतंय? दिवसभर मी पुढच्या खोलीत मशीनवर, आणि हे मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. तयार बोलकी पुस्तकं बाजारात मिळतात म्हणे, पण ह्यांना आपल्याच कपाटातली हवीत, ज्यांची कव्हरंसुद्धा उरली नाहीत ती. परवा म्हणाले, "तुझा आवाज बाटलीत भरून ठेवता आला असता तर किती बरं झालं असतं." म्हटलं, "पस्तीस वर्षं तर 'जरा गप्प बस' म्हणत होतात!"

मोबाईलवर करून पाहिलं. मी कुठेतरी विहिरीच्या तळाशी वाचतेय आणि काठावर अकरा घड्याळं टकटक करताहेत, असं काहीतरी आलं. मग वाद्यांच्या दुकानात गेले. दाढीवाल्या दुकानदाराने विचारलं, "मॅडम, गाण्यासाठी की पॉडकास्टसाठी?" मी म्हटलं, "नवऱ्यासाठी." तो बिचारा क्षणभर गोंधळला, पण धंद्यात पक्का. एक मोठा खोका गळ्यात मारला. आत चकचकीत काळा माइक, लोखंडी हात, भिंतीला चिकटवायचे स्पंजचे तुकडे. घरी येऊन बघते तर वायरीला तीन पिनांचा गोल खटका, कॉम्प्युटरला तसलं भोकच नाही. फोन केला तर म्हणतो, "त्याला वेगळी पेटी लागते मॅडम, ती माइकला करंट देते." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

तर रेडिओ, तुझं आयुष्य या आवाज टिपण्याच्या कामात गेलं आहे. स्वस्तात, पण धड चालेल असं काय घेऊ, ते सांग. रेकॉर्डिंग मागच्या खोलीत करीन म्हणते. ती रिकामीच असते. तू होतीस तेव्हाही रिकामीच होती, म्हणून तर मी तिथं कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉकचं मशीन हलवलं होतं.

तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही आणि मी मागतही नाही. पत्ता त्या पार्सलवरचा आहे, ज्यातून तू घराची किल्ली परत पाठवलीस. लेक बरा आहे, त्याच्याबद्दल लिहीत नाही. उत्तर दिलं नाहीस तरी मला राग येणार नाही. थोडा येईल, पण तो माझा मी गिळीन.

मी (ओळखलं असशीलच)


१३ फेब्रुवारी

बाबांच्या डोळ्यांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. मला कोणी कळवलं नव्हतं.

तो माइक परत करा. माइक वाईट नाही, तुमच्या घरासाठी चुकीचा आहे. त्याला कंडेन्सर म्हणतात. त्याचे कान फार तिखट असतात. तो तुमच्या आवाजाबरोबर घड्याळं, रस्ता आणि शेजारच्या घरातलं भांडण, सगळं टिपेल. तुम्हाला डायनॅमिक माइक हवा. तो समोरचं ऐकतो, लांबच्याकडे फारसं लक्ष देत नाही. त्यातला यूएसबीवाला घ्या, त्याची वायर सरळ कॉम्प्युटरला लागते, वेगळी पेटी नको. अगदी स्वस्तातला नको, आणि महागातला तर नकोच. दुकानदार 'स्टुडिओसारखा' म्हणाला की तो बाजूला ठेवायला सांगा.

वाचलेल्या पैशात कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि टेबलावर ठेवायचा जड स्टँड घ्या. हलका घेतलात तर पान उलटताना माइक आडवा होईल. स्पंज परत द्या. त्याने बाहेरचा आवाज अडत नाही, फक्त भिंत काळी होते. सगळे जण माइकवर पैसे घालतात आणि खोली विसरतात. खोलीतल्या उघड्या भिंतींवरून आवाज उलटा येतो, त्यामुळे तुम्ही विहिरीत वाटता. तुम्हाला तर खोलीवर एक पैसा घालायची गरज नाही. दुकानातले कापडाचे तागे तीन बाजूंनी उभे करा, पाठीमागे जाड रजई टांगा. मी ज्या स्टुडिओत काम करते त्यांनी यासाठी लाखभर मोजलेत.

'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून फुंकर निघते आणि माइकवर आदळते. त्याला पुढे एक जाळी लागते. विकत घेऊ नका, बाबा करतील.

पहिला तास झाला की पेन ड्राइव्हवर घालून पाठवा, ऐकून सांगेन. फोन नको, पत्रच बरं.

आणि मागची खोली रिकामी नव्हती. तिथं माझं टेबल होतं.


२१ फेब्रुवारी

चि. रेडिओ,

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तोंडात तशाच ठेवून पत्र वाचलं, त्यामुळे ओरडता आलं नाही. नाहीतर गिऱ्हाईक पळालं असतं.

दुसऱ्याच दिवशी खोका घेऊन दाढीवाल्यापुढे उभी राहिले. म्हणाला, "उघडलेला माल परत नाही घेत, मॅडम."

"उघडल्याशिवाय तुमच्या वायरीला भोक नाही हे कसं कळणार होतं मला?"

"पण हा प्रोफेशनल माइक आहे. एकदम स्टुडिओसारखा!"

तुझी आठवण झाली आणि हसूच फुटलं. म्हटलं, "मला डायनॅमिक हवा. यूएसबीचा. मधल्या किमतीतला. आणि स्पंज नको, माझ्याकडे तागे आहेत." त्याने मला खालून वर न्याहाळलं. "तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

मी म्हटलं, "आमच्या घरात एक होती, या कामातली."

मग त्याने मुकाट्याने अदलाबदल करून दिली. हेडफोन आणि स्टँड घेऊनही थोडे पैसे परत आले. जाताना म्हणाला, "त्यांना आमच्याकडे कामाला पाठवा." मी म्हटलं, "त्या कुणाचं ऐकत नाहीत."

ताग्यांचं काम झकास झालं. डावीकडे कोटाचं जाड कापड, उजवीकडे अस्तराचं, समोर मखमल, पाठीमागे आपली निळी रजई. आत बसलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. जाळी ह्यांनी केली. माझी भरतकामाची लाकडी रिंग घेतली, त्यावर जुना पायमोजा ताणून बसवला, आणि घड्याळाच्या पट्ट्याच्या खिळीने स्टँडला अशी जोडली की हलत नाही. डोळ्यांनी नाही, बोटांनी. दोन तास लागले. झालं तेव्हा असे बसले होते, जसं कुणी टॉवरचं घड्याळ चालू करून खाली उतरलंय. किती दिवसांनी ह्यांनी स्वतःहून चहा मागितला.

राहिली घड्याळं. ती बंद करा म्हणायचा मला धीर होईना, कारण ह्यांना वेळ त्यांच्यामुळे कळते. पण ह्यांनीच तोड काढली. रोज नऊला भिंतीभिंतीने हात फिरवत लंबक थांबवतात, मी तासभर वाचते, दहाला पुन्हा सगळी चालू करून काटे पुढे सरकवतात. परवा सरकवायचे विसरले, आणि आम्ही दुपारचं जेवण भूक लागून लागून दोन वाजता जेवलो, घड्याळात एकच वाजला होता.

जहाजावरच्या स्वयंपाक्याची ती जाडी कादंबरी घेतली आहे. वाचते आणि मधेच अडखळते, मग थांबते, परत तेच वाक्य घेते. तू कापडासारखं कापून जोडायचीस ना, ते कसं करायचं ते मला अजून येत नाही. सध्या अडखळण्यासकट चाललं आहे. ह्यांची तक्रार नाही.

टेबलाबद्दल लिहिलंस. हो, होतं. लहानसं होतं.

मी


३ मार्च

चि. रेडिओ,

सोबत पेन ड्राइव्ह. पाकिटात खुळखुळू नये म्हणून त्याला मखमलीची पिशवी शिवली आहे, टाके सांभाळून उसव. पहिलं प्रकरण आहे, चांगलं तासाभराचं. मी स्वतः ऐकलेलं नाही. माझाच आवाज मला ऐकवत नाही, कुणी दुसरीच बाई माझ्या घरात येऊन तोरा मिरवतेय असं वाटतं. ह्यांनी थोडं ऐकलं, म्हणाले, खाली काहीतरी घरघर आहे. फ्रिजची असेल म्हणून मी फ्रिज बंद करून पाहिला. दूध नासलं, घरघर तशीच.

हयगय न करता काय चुकलं ते सगळं सांग.

मी


११ मार्च

वाचन छान आहे. तुम्ही स्वयंपाक्याला जो खरखरीत आवाज दिला आहे, तो बाबांना आवडला असणार. दुसऱ्या पानापासून घाई होते, ती करू नका. घरघर फ्रिजची नाही, तिचं बघावं लागेल.

एकोणिसाव्या मिनिटाला दार वाजतं. तुम्ही पुस्तक ठेवता, पण रेकॉर्डिंग थांबवत नाही. एक बाई आत येऊन बसतात, अगदी माइकच्या पुढ्यात. ड्रेस सैल करून हवाय म्हणतात, बँक उघडायच्या आत जायचंय म्हणतात. मग विचारतात, "सूनबाई येतात का हो कधी?"

तुम्ही म्हणता, "ती कसली येतेय! तिला संसार नकोच होता. दिवसभर कानाला टोपणं लावून बसायची. एक दिवस उठली आणि चालती झाली, माझ्या लेकाला वाऱ्यावर सोडून."

त्या "अरेरे" म्हणतात. तुम्ही विचारता, कमरेत किती सैल करू, एक इंच की दीड?

माइक बरोबर घेतलात. एकूण एक शब्द स्वच्छ ऐकू येतो.

आता पेन ड्राइव्ह पाठवू नका.


१६ मार्च

चि. रेडिओ,

भलता गैरसमज करून घेऊ नकोस. बायका बोलतात तसं बोलण्याच्या ओघात निघून गेलं. त्या बाईंना दुसऱ्यांच्या घरात डोकवायची खोड आहे, काहीतरी सांगून विषय संपवावा म्हणून मी आपलं म्हटलं. आणि तूही दिवस दिवस त्या खोलीतून बाहेर यायची नाहीस हे काही खोटं नाही. शेवटी आईचं काळीज म्हणजे

इथवर लिहून ठेवलं होतं. हे पान मी फाडत नाही, तसंच पाठवते, म्हणजे मी काय लिहायला बसले होते ते तुला दिसेल. आज एकोणीस तारीख आहे. मधल्या तीन दिवसांत काय झालं ते लिहिते.

तुझं पत्र आलं की मी ह्यांना वाचून दाखवते. ते अकरा तारखेचंही दाखवलं. घाई करू नका, घरघर फ्रिजची नाही, इथपर्यंत वाचलं आणि घडी घातली.

हे म्हणाले, "पुढचं गाळलंस."

"काही नाही गाळलं."

"अगं, इतके महिने रोज तासतासभर तुला ऐकतोय. पान उलटताना तू श्वास घेतेस आणि पान गाळताना रोखतेस. त्या स्वयंपाक्याच्या प्रेमपत्राच्या वेळीही रोखला होतास. काय लिहिलंय तिने?"

मी सांगितलं नाही. म्हटलं, रेकॉर्डिंगमधे एक गिऱ्हाईक आलंय, दुसरं काही नाही. तर म्हणाले, लाव. मी लावलं. हेडफोन एकच, तो ह्यांच्या कानावर. मी समोर बसून ह्यांचा चेहरा बघत होते. घड्याळं बंदच होती, चालू करायचं आम्ही दोघंही विसरलो होतो. एकोणिसावं मिनिट कधी आलं ते मला चेहऱ्यावर कळलं. ह्यांनी हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिला.

"हे पुस्तक मला नको," म्हणाले. आणि काठी घेऊन बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.

मग मी ऐकलं. एकटीने, रजईच्या आत. तुझं खरं आहे, एकूण एक शब्द स्वच्छ आहे. आणि बोलणारी ती दुसरी बाई नाही, मीच आहे. वाईट काय वाटलं सांगू? 'चालती झाली' म्हणताना माझा आवाज जराही अडखळत नाही. कादंबरी वाचताना दर ओळीला अडखळणारी मी, हे कसं घडाघडा बोलते! तीन वर्षं पाठ केलेलं.

आता न गाळता लिहिते.

तू उठून गेली नाहीस. तो गेला. त्याच्या ऑफिसातल्या त्या मुलीबद्दल मला तुझ्याआधी चार महिने माहीत होतं. स्वयंपाकघरात उभं राहून त्याने सांगितलं होतं, "आई, एवढ्यात कुणाला बोलू नकोस." मी बोलले नाही. एकदा तू ओट्याजवळ येऊन मला विचारलंस, "आई, हा असा का वागतोय? तुम्हाला काही म्हणाला का?" मी म्हटलं, "कामाचा ताण असेल." तेवढ्यावरही थांबले नाही. वर तुलाच शहाणपण शिकवलं, की घरात जरा लक्ष घाल. तू मान हलवून गेलीस आणि दुसऱ्या दिवशी काम बाजूला ठेवून त्याच्यासाठी रांधलंस. ते ताट मी पाहिलं, आणि त्याने बाहेर जेवून आलोय म्हणताना तुझा चेहराही पाहिला. पोटचा पोर म्हणून त्याचं झाकत गेले आणि झाकता झाकता तुला उघड्यावर टाकलं.

टेबलाचंही सांगते. ओव्हरलॉकच्या मशीनला पुढे दुकानात जागा होती. तू कानाला टोपणं लावलीस की मी हाक मारलेली तुला ऐकू यायची नाही, त्याचा मला राग होता. एवढं क्षुल्लक कारण. तुझं टेबल मी माळ्यावर टाकलं होतं.

काल बँकेत गेले. त्या ड्रेसवाल्या बाई खिडकीच्या आत बसल्या होत्या, माझ्या मागे रांग. मी म्हटलं, "ड्रेसच्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. सून गेली नाही, माझा मुलगा दुसरीकडे गेला. दोष तिचा नव्हता."

बाई म्हणाल्या, "अहो, ते आम्हाला केव्हाचं माहीत आहे! तुमचा मुलगा आणि ती मुलगी जॉइंट खातं उघडायला याच खिडकीवर आले होते. तेव्हा तुमची सून तुमच्याच घरात होती."

"मग त्या दिवशी तुम्ही 'अरेरे' का म्हणालात?"

"तुमच्या हातात माझा ड्रेस होता," बाई म्हणाल्या, "आणि कात्री."

मागची रांग हसली. मीही हसले, आणि बाहेर पायरीवर येऊन रडले. मग नणंदेला फोन केला, धाकट्या जावेला केला. एकीलाही आश्चर्य वाटलं नाही! सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मी एकटीच मधे पडदा धरून उभी, हात भरून येईपर्यंत. लेकालाही सांगितलं, की यापुढे कुणी विचारलं तर खरं सांगणार. तो रुसला आहे. रुसू दे.

पत्रातून माफी मागत नाही. पत्रात मागितली की तुला उत्तराची सक्ती होते, आणि पुरेशी सक्ती तुझ्यावर या घरात झाली. पेन ड्राइव्हही पाठवत नाही. हे परत ऐकायला बसू लागले आहेत, पण पहिलं प्रकरण मला नव्याने वाचायला लावलं.

मी


३० मार्च

तुमच्या गावाजवळ एक काम निघालं आहे. सहा तारखेला, रविवारी, अकराला येईन आणि चारच्या गाडीने जाईन. बाबांना भेटायचं आहे. घरघर पत्रातून जाणार नाही, तीही बघते. आणि कापून जोडायचं कसं ते एकदा दाखवते.

जेवणाचा घाट घालू नका. मी तुमच्यासाठी येत नाहीये, हे आधीच सांगितलेलं बरं.


७ एप्रिल

चि. रेडिओ,

काल तू होतीस तेव्हा मी फार कमी बोलले, ते तुझ्या लक्षात आलं असेल. हे म्हणाले, असं आधी कधी घडलेलं नाही, तारीख लिहून ठेव.

जेवणाचा घाट घालू नका म्हणालीस, म्हणून चारच पदार्थ केले. ह्यांनी सकाळपासून दोनदा दाढी केली. पहिली केलेली विसरले म्हणे. तू आलीस आणि सरळ ह्यांच्याजवळ जाऊन बसलीस, आणि मी स्वयंपाकघरात पोळ्या करत राहिले. तुम्हा दोघांचं हसणं ऐकू येत होतं. हे तुला स्वयंपाक्याचं जहाज कसं बुडालं ते सांगत होते आणि तू म्हणत होतीस, "बाबा, शेवट नका ना सांगू!" मला आत यावंसं वाटत होतं. पण ते हसणं माझ्यामुळे तीन वर्षं बंद होतं, मग त्यात जाऊन उभं राहायचं कोणत्या तोंडाने? दोन पोळ्या करपल्या. त्या मी खाल्ल्या.

जेवण झाल्यावर तू मागच्या खोलीत गेलीस. ताग्यांवरून हात फिरवलास, मखमल जरा पुढे ओढलीस. ह्यांच्या जाळीकडे बघत बराच वेळ उभी राहिलीस. मग कॉम्प्युटरच्या चार्जरची पिन उपटलीस आणि घरघर गेली! उगाच मी त्या बिचाऱ्या फ्रिजला शिव्या घातल्या. बॅटरी भरून ठेवायची आणि वाचताना चार्जर काढायचा, हे आता भिंतीवर लिहून लावलं आहे.

कापणं-जोडणं शिकवलंस तेव्हा तू अगदी कामाच्या आवाजात बोलत होतीस. मला तोच बरा वाटला. अडखळलेला तुकडा निवडायचा, काढायचा, दोन्ही कडा जुळवायच्या. म्हटलं, हे तर शिवणच आहे. तू म्हणालीस, "फक्त शिवण दिसली नाही पाहिजे." माझ्या दुकानात मी हे वाक्य रोज म्हणते.

मग हेडफोन लावलास आणि म्हणालीस, "काहीतरी बोला. आवाज किती ठेवायचा ते बघते."

"काय बोलू?"

"काहीही. आकडे म्हणा."

मी एक, दोन, तीन, चार म्हटलं. तू पडद्याकडे बघत होतीस, माझ्याकडे नाही. पाच म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "मी तुझ्याशी फार वाईट वागले. मला माफ कर." असं एकदम, जोरात. गावात दवंडी पिटतात तसं. मला स्वतःलाच धक्का बसला.

तुझा हात बटणावर होता. तो तसाच राहिला. मी मखमलीकडे बघत होते. वाटलं, आता तू उठशील, बॅग घेशील, गाडीला अजून दोन तास आहेत तरी स्टेशनवर जाऊन बसशील.

तू म्हणालीस, "आवाज फुटला. लाल रेघेच्या वर गेला." आणि मग, अजूनही पडद्याकडेच बघत, "खुर्ची थोडी मागे घ्या. पुन्हा बोला."

मी खुर्ची मागे घेतली. पुन्हा बोलले. या वेळी सावकाश. ओट्याजवळ तू विचारलं होतंस ते बोलले, टेबल माळ्यावर टाकलं ते बोलले, त्या दिवशीच्या ताटाचं बोलले. अडखळले, पण थांबून तेच वाक्य परत घेतलं. तू डोळे मिटले होतेस आणि दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट धरला होतास. माझं संपल्यावर हेडफोन उतरवलास. मग म्हणालीस, "हं. आता नीट ऐकू आलं."

बस, एवढंच. नंतर तू ह्यांना औषधांच्या वेळा विचारल्यास, चहा घेतलास आणि पावणेचारला गेलीस. हे मागून ओरडले, "पुढच्या खेपेला माझा कप फोडून जा, म्हणजे नवीन आणेन." तुम्हा दोघांचं जुनं काहीतरी असेल, मला कळलं नाही, पण तू हसलीस.

आज सकाळी नऊला घड्याळं थांबली आणि मी कॉम्प्युटर उघडला. पहिली फाइल, ती फुटलेली, तू पुसून टाकली आहेस. दुसरी आहे. साडेतीन मिनिटांची. ह्यांना विचारलं, "ही ठेवू की पुसू?"

म्हणाले, "तिने ठेवली आहे ना? मग तू कशाला हात लावतेस?"

मी हात लावलेला नाही. तिच्याखाली नवीन फाइल उघडली, चार्जर काढला, खुर्ची मागे घेतली आणि सातवं प्रकरण वाचायला सुरुवात केली.

मी